मांडीवरचा गॅमा कॅमेरा

खामगाव आगारातले जुने कंडक्टर आमच्या सरांना नावानं ओळखत नसत, पेटीनं ओळखत. साधी लाकडी पेटी, वर पितळी कडी. सर गाडीत चढले की खिडकीची जागा धरायचे, पेटी मांडीवर घ्यायचे आणि कंडक्टर जवळ येईपर्यंत, बारावीचा निकाल लागणार असल्यासारखे, त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. त्यानं नुसतं तिकीट हातात दिलं तर सर खूश. त्यानं पेटीकडे बोट करून "हे लगेज हाय मास्तर, याचं वेगळं तिकीट काढा" म्हटलं तर सर दुप्पट खूश. लगेच खिशातली डायरी निघायची आणि नोंद व्हायची: मेहकर गाडी, चौदा किलो, हटकलं.

पेटीत गहू असायचा. दर खेपेला किलो-अर्धा किलो कमीजास्त करून सर तो जिल्हाभर फिरवत होते. चिखली, मलकापूर, देऊळगाव राजा, जिथं गाडी जाईल तिथं. सरांच्या बायकोला मी काकू म्हणायचे. काकू एकदा मला पोळी वाढताना म्हणाल्या, "आमच्या घरचा गहू एसटीनं जितका फिरला ना पोरी, तितकी मी फिरली नाई." सर समोरच जेवत होते. मान वर न करता म्हणाले, "तुले कोणी लगेज म्हनलं तं मले चालनार नाई." काकू लाजल्या आणि त्यांनी सरांना न विचारता आणखी एक पोळी वाढली.

सरांना गॅमा कॅमेरा बनवायचा होता. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात असतो तो गॅमा कॅमेरा अख्खी खोली अडवून बसतो आणि त्याचं वजन चार बैलांना भारी पडेल इतकं असतं. सरांना तो मांडीवर मावणारा हवा होता. पण मांडीवर मावणारा म्हणजे किती किलोंचा? हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, म्हणून सरांनी ते एसटीला विचारलं. "कंडक्टर ज्याले लगेज म्हनते ते मशीन गावात पोचत नाई," हे त्यांचं ठाम मत होतं. सहा महिन्यांनी डायरीतून उत्तर निघालं: अकरा किलोंच्या आत कोणी हटकत नाही. आमच्या प्रकल्पाच्या कागदपत्रांत 'कमाल वजन: अकरा किलो' असं मी स्वतः टाइप केलं आहे. त्यामागे कुठला आंतरराष्ट्रीय मापदंड आहे, असं प्रकल्पाला पैसे देणाऱ्या मुंबईच्या लोकांनी पत्रानं विचारलं होतं. सरांनी ते पत्र डायरीत घडी करून ठेवलं.

मी जानेफळची. नुकतीच एम.एस्सी. होऊन नोकरी शोधत होते. सर खामगावच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि त्यांना मुंबईहून तीन वर्षांसाठी एक मदतनीस मंजूर झाला होता. मुलाखतीसाठी मी रात्रंदिवस क्वांटम घोकून गेले. सरांनी विचारलं, "तुले गाडी लागते काय?" मी म्हटलं, नाही. "उलटीबिलटी?" नाही. "मंग झालं. उद्यापासून ये." मला वाटलं, हा माणूस थोडा सरकलेला दिसतो. महिनाभरात कळलं की थोडा नव्हे.

कोणी जरा जरी कुतूहल दाखवलं की सर त्याला पकडून समजावत. चहावाला, प्राचार्य, बाजूच्या सीटवरची म्हातारी, सगळ्यांना सारखंच. "फोटोचा क्यामेरा मानसावर पडलेला उजेड पकडते. आपला क्यामेरा मानसाच्या आतून येनारा पकडते. पेशंटले एक सुई देतात. त्याच्यातलं औषध जिथं रोग हाय तिथं जाऊन बसते आन् तिथून किरनं फेकते. ते आपल्याले दिसत नाई, क्यामेऱ्याले दिसते." मग हाताची ओंजळ करून दाखवायचे. पुढे शिशाची चाळणी, ती फक्त सरळ येणारी किरणं आत सोडणार. तिच्यामागे काचेसारखा स्फटिक, किरण आदळला की तो चमकणार. त्याच्यामागे ती चमक मोजणारा सेन्सर. "बस. इतकंच हाय. बाकी सगळं पत्रा."

इतकंच असलेलं ते करायला आम्हाला तीन वर्षं लागली.

सरांच्या घरी कोणी आजारानं गेलं असेल, म्हणून हा ध्यास, असं लोक धरून चालत. एका पत्रकारानं तसं विचारलंही, अगदी हळव्या आवाजात. सर म्हणाले, "नाई बाप्पा, आमच्या घरचे सगळे धडधाकट हाय. मले राग येते म्हनून." राग कशाचा, तर पहाटेच्या औरंगाबाद गाडीचा. तिच्यात रोज पाच-सहा जण मांडीवर एक्स-रेची मोठी पिशवी घेऊन बसलेले असत. तपासणीसाठी एक खेप, रिपोर्टसाठी दुसरी, मशीन बंद होती म्हणून तिसरी. कापूस वेचणीला आलेला असताना घरातली दोन माणसं दोन दिवस शेताबाहेर. "पेशंटनं मशीनकडे काऊन जावं? मशीनले पाय नसतीन तं आपन देऊ नं," सर ओरडायचे, आणि समोर मी एकटीच असायचे.

पण रागीट माणूस म्हणून त्यांना आठवताच येत नाही. ते सदानकदा आनंदात असत, आणि तो आनंद अंगावर यायचा. आमची प्रयोगशाळा म्हणजे कॉलेजची जुनी अडगळीची खोली. उन्हाळ्यात भट्टी व्हायची, म्हणून खिडक्यांना ओलं बारदान बांधलेलं. त्या अंधारात आम्ही कॅमेऱ्याला पहिल्यांदा काहीतरी दाखवणार होतो. दवाखान्यातलं औषध आमच्याकडे कुठून येणार? पण गॅसबत्तीच्या जुन्या जाळीत थोडंसं किरणोत्सारी थोरियम असतं. तेव्हा वरातीत नवरदेव सोडून गॅसबत्तीकडे बघणारा वऱ्हाडातला एकमेव पाहुणा म्हणजे आमचे सर. पुढे वरातींत एलईडी आले आणि जाळ्या मिळेनात. शेवटी देऊळगाव राजाच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या माळ्यावर डझनभर सापडल्या. एक जाळी कॅमेऱ्यापुढे टांगली, तासभर वाट पाहिली, आणि संगणकावर अंगठ्याच्या ठशासारखा एक गोल डाग उमटला.

"आलं!" सर किंचाळले. "आलं, आलं, आलं!" आणि दार उघडून पळत मैदानात गेले. तिथं क्रिकेट चालू होतं. त्यांनी बॅट्समनशी हात मिळवला, अंपायरशी मिळवला आणि घामाघूम होऊन परत आले. मीही नाचत होते, हे कबूल करते. तो डाग छापून काकूंनी फ्रिजवर लावला. आल्यागेल्याला त्या सांगत, "ह्यांचा पहिला फोटो."

शिशाच्या चाळणीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. बाहेर देशातून मागवली असती तर आमचे सगळे पैसे तीत गेले असते. गावातला एक जुना छापखाना बंद पडला होता आणि तिथले खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, किलोवर विकायला काढली होती. सर सायकलवर दोन पोती घेऊन आले. खिळ्यांच्या शिशात अँटिमनी असतं, त्यामुळे ओतल्यावर ते साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट बसतं. अक्षराची वेलांटी त्यात येते, तर भोकं का येणार नाहीत? हा सरांचा हिशेब. त्यातले बरेचसे खिळे लग्नपत्रिकांचे होते. आमच्या कॅमेऱ्यात अख्ख्या तालुक्याचं 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' वितळलेलं आहे.

ओतकाम केलं युसूफभाईंनी. खामगावात चांदीचं काम करणारे कारागीर पुष्कळ, पण युसूफभाईंचा हात पाहावा असा. सरांनी त्यांना सुयांचा एक साचा दाखवला: दोन हजारांवर पोलादी सुया उभ्या, सगळ्या सारख्या अंतरावर, त्यांच्यामधून शिसं ओतायचं, मग सुया एकेक ओढून काढायच्या. पाच वेळा ओतलं, पाच वेळा सुया तुटल्या. सहाव्या वेळी युसूफभाईंनी सुयांना काजळी धरली आणि सुया लोण्यातून निघाव्या तशा निघाल्या.

"सर, म्या पायल बनवली, करदोडे बनवले, देवाचे डोळे बनवले," चाळणी दिव्यापुढे धरून युसूफभाई म्हणाले. "अशी चीज पहिल्यांदाच बनवून राह्यलो. याच्यातून काय चाळता तुमी?"

"उजेड."

"कोनता?"

"जो दिसत नाई तो."

युसूफभाईंनी जरा विचार केला. "मंग एखांदं भोक वाकडं झालं तं कोनाले समजनार हाय?"

"पेशंटले," सर म्हणाले.

युसूफभाईंनी चाळणी पुन्हा पुढ्यात ओढली आणि भिंग लावून एकेक भोक तपासायला बसले. मजुरीत त्यांनी फक्त उरलेले खिळे मागून घेतले, नातवाला अक्षरं ओळखायला शिकवायला.

आता थैल्यांबद्दल. स्फटिकापर्यंत बाहेरचा उजेड अजिबात पोचता कामा नये, नाहीतर कॅमेरा त्यालाच किरण समजून मोजत बसतो. त्यासाठी उजेड न झिरपणारा चंदेरी कागद लागतो आणि आमचा कागद संपला होता. वऱ्हाडात मात्र चंदेरी थैल्यांना तोटा नव्हता. बीटी कपाशीचं बियाणं तसल्याच थैल्यांतून यायचं. सरांचा धाकटा भाऊ वरवट बकालला शेती करायचा. त्या वर्षी गुलाबी बोंडअळी आली होती. बोंडं वरून धडधाकट, फोडलं की आत अळी आणि सडलेली सरकी. कृषी सहायकानं सांगितलं होतं की थैली, लेबल आणि पावती एकत्र जपून ठेवा, पंचनाम्याला लागेल. म्हणून दुकानदारापासून शेतकऱ्यापर्यंत सगळे थैलीला पावती स्टेपलरनं टोचून ठेवायचे. घरोघरी पेटीत, लग्नातल्या शालूखाली, त्या थैल्यांचे गठ्ठे होते. पंचनामे झाले. भावाच्या हाती काहीच आलं नाही. त्यानं उभ्या कपाशीत मेंढरं घातली आणि सर घरी गेले तेव्हा तो गठ्ठा त्यांच्या पुढ्यात टाकला. "घे, तुह्या क्यामेऱ्याले लाव. कोनाच्या तरी कामी पडू दे."

सरांना त्या दिवशी गाडीत एकही कंडक्टर दिसला नसेल. परत आल्यावर त्यांनी गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "याच्यातली सगळ्यात चांगली थैली कापून लाव."

ती मी लावली. पिन नखानं उपसून काढली, पावती बाजूला ठेवली, थैली पुसली, कापली, स्फटिकाच्या उजव्या अंगाला गुंडाळली आणि काळी टेप मारली. हे सगळं मी केलं, म्हणून मुद्दाम सांगते.

शेवटी तो दिवस आला. औरंगाबादच्या एका दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी आम्हाला परवानगी मिळवून दिली होती. मुंबईहून तिघांची समिती येणार होती, आणि प्रकल्प पुढे चालायचा की तिथंच थांबायचा हे त्यांच्यातल्या वरिष्ठ मॅडम ठरवणार होत्या. आम्ही पहाटेच्या गाडीनं निघालो. कॅमेरा पेटीत, पेटी सरांच्या मांडीवर. कंडक्टर आला, तिकीट देऊन पुढे गेला. सरांनी मला कोपर मारलं.

तपासणीसाठी बाई होत्या सुमनबाई. चाळिशीच्या असतील, पण भिंत धरून चालायच्या. दोन वर्षं हाडं दुखत होती. लुगडं पिळताना मनगट मोडलं होतं. वेचणीचं काम अंगावर येतं म्हणून सगळ्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, आणि रक्त तपासलं तर कॅल्शियम आधीच जास्त निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, गळ्यात चार बारीक ग्रंथी असतात, त्यांतली एक बिघडून फुगली असणार आणि हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढत असणार. ती काढली की बाई बऱ्या. पण कुठली, ते कळल्याशिवाय गळा कुठं उघडायचा? सकाळी सुई देऊन मोठ्या मशीनवर तपासणी झाली होती. मोठ्या मशीनला काही दिसलं नव्हतं.

सुमनबाई आमच्या खाटेवर झोपल्या. "हलू नका हं," मी सांगितलं. सरांनी पेटी उघडली, कॅमेरा दांड्याला लावून गळ्यावर आणला. खोलीला मोठी खिडकी होती आणि दुपारचं ऊन आत आलं होतं. संगणकावर दर काही सेकंदांनी नवं चित्र येत होतं. आधी धुरकट, मग गळ्याचा आकार, आणि उजव्या कडेला एक ठिपका. स्वच्छ, ठसठशीत.

मॅडम खुर्चीवरून उठल्या. "मोठ्या मशीनला दिसलं नाही ते यांना दिसतंय!" त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी सर्जनना फोन लावला. "उजवीकडे आहे. उद्याच घेता येईल का?" मी सरांची बाही ओढली. सर, म्हणा ना आलं! पण सरांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते ठिपक्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा पडला होता.

ते उठले, खिडकीपाशी गेले आणि उन्हाकडे पाठ करून उभे राहिले. त्यांची सावली कॅमेऱ्यावर पडली.

ठिपका विझला.

सर बाजूला झाले. ठिपका परत आला. पुन्हा उभे राहिले. विझला.

"फोन ठेवा, डॉक्टर," सर म्हणाले. "हे आमचं भोक हाय. बाईचं नाई."

त्यांनी कॅमेऱ्याची बाजू उघडली. चंदेरी थैलीत दोन बारीक छिद्रं होती, स्टेपलरच्या पिनेची. एक माझ्या टेपखाली दबलेलं, दुसरं उघडं. आमच्या खोलीत बारदानाचा अंधार, म्हणून आजवर हे कधी उघडकीला आलं नव्हतं. मी तोंड उघडणार तोच सर मॅडमना म्हणाले, "माह्या लक्षात राह्यलं नाई. इकडे बियान्याच्या थैलीले पावती टोचायची पद्धत हाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नंतरही कधी तो विषय काढला नाही.

मॅडमनी फाइल मिटली. खरं सांगते, त्या क्षणी मला सरांचा राग आला. तीन वर्षं, सहा वेळा ओतलेली चाळणी, सगळं त्यांनी दोन मिनिटांत स्वतःच्या हातानं बुडवलं होतं. सावली काय, थोडी उशिरा नसती पडली?

खाटेवरून आवाज आला. "म्हंजे माह्या गळ्यात काई नाई?"

आणि मी जागच्या जागी खजील झाले. उद्या ह्या बाईचा गळा उजवीकडून उघडला असता. एका पिनेच्या भोकासाठी.

"अजून आमी पायलंच नाई, माय," सर म्हणाले. "आता पायतो."

त्यांनी टेप मारली, वर दुसरी मारली. मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. औषधाचा जोर उतरत चालला होता. सरांनी कॅमेरा दांड्यावरून काढून दोन्ही हातांत धरला. गळपट्टीच्या हाडामागं, खालून तिरका, कातडीला टेकेल इतका जवळ. मोठं मशीन तिथं वाकून बघूच शकत नाही. हा वाकला. सरांचे हात कापू नयेत म्हणून मी त्यांची कोपरं खालून धरली. पाच मिनिटं गेली. सात. डावीकडे, अगदी खाली, काहीतरी उजळायला लागलं. लहानसं. फिकं.

या वेळी कोणी उठलं नाही, कोणी फोन लावला नाही. मॅडम हळूच म्हणाल्या, "हेही तसंच काही असेल."

"असू शकते," सर म्हणाले. त्यांनी कॅमेरा परत दांड्याला घट्ट बांधला, तसाच तिरका, आणि हात काढून घेतले. मग सुमनबाईंच्या डोक्याशी वाकले. "माय, कष्ट देतो तुमाले. दोन बोटं वर सरकता काय? डोक्याकडे. क्यामेरा इथंच राहीन, तुमी फक्त सरका."

दुखऱ्या हाडांना दोन बोटं म्हणजे काय, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी कोपरं टेकली, दात दाबले आणि कण्हत कण्हत सरकल्या. आम्ही सगळे संगणकाकडे बघत होतो. भोकाचा ठिपका असता तर जागचा हलला नसता. नवं चित्र आलं. त्याच्यानंतरचं आलं.

ठिपका दोन बोटं वर सरकला होता.

पुढच्या आठवड्यात सर्जननी गाठ नेमकी तिथूनच काढली, तुरीच्या दाण्याएवढी. मॅडमनी फाइल उघडून 'प्रकल्प पुढे चालू ठेवावा' असं लिहिलं, तेही पुढं कळलंच. पण ते सगळं नंतर. सर मैदानात पळाले नाहीत, ओरडले नाहीत. खाटेपाशी गुडघे टेकून बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"तुमचाच हाय, माय," ते म्हणाले. "हा तुमचाच हाय."

सुमनबाईंना काय झालं ते नीट कळलंच नव्हतं. त्या मघापासून अंग आवळून पडल्या होत्या. त्यांनी डोळे वर करून भीत भीत विचारलं, "मंग आता मी हलू काय?"

"हला," सर हसत, रडत म्हणाले. "पायजे तितकं हला!"